भीतीची माहिती काढ, आवडीचं काम बघ

चि. मनूस,


तुझं पत्र मिळालं. फोनवर "सगळं ठीक आहे, आत्या" एवढंच म्हणतेस आणि पत्रात चार पानं भरून काळज्या लिहितेस. लिहिल्यास हे फार बरं केलंस. मनातलं कागदावर उतरलं की निदान ते मोजता तरी येतं. बारावीचा निकाल हातात आहे, नीटचा यायचा आहे. मुद्दाम त्याच्या आधी लिहिते आहे. आकडा समोर आला की घरात सगळे एकदम बोलायला लागतात, शेजारचे विचारायला येतात, क्लासवाल्यांचे फोन सुरू होतात. त्या गलबल्यात अठरा वर्षांच्या मुलीला स्वतःचं म्हणणं ऐकू येणं अवघड असतं.

तुझे प्रश्न मी एका कागदावर वेगळे काढले. नंबर लागला नाही तर काय? रिपीट करू का? बाबांनी लातूरच्या दोन वर्षांत एवढा पैसा घातला, तो वाया गेला का? मैत्रिणी पुढे जातील आणि मी मागे राहीन का? पुण्याला जावं लागलं आणि इंग्रजीत बोलता आलं नाही तर? आणि अगदी शेवटी, बारीक अक्षरात: मला नक्की डॉक्टरच व्हायचंय का, हेच आता कळत नाही.

अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवताना मी तुझ्याच वयाची मुलं वर्षानुवर्षं पाहत आले. बहुतेक मुलं दोन ठिकाणी अडतात. ज्या गोष्टीची भीती वाटते ती नेमकी काय आहे, याचा शोध त्यांनी घेतलेला नसतो. आणि जे आवडतं असं ती म्हणतात, ते रोज सकाळी उठून कसं करायचं असतं, हे त्यांनी पाहिलेलं नसतं. म्हणून माझं सांगणं एका ओळीत असं: ज्याची भीती वाटते त्याची माहिती काढ, ज्याची आवड वाटते त्याचं रोजचं काम बघ. आता तुझे प्रश्न एकेक करून याच वाटेने घेऊ.

आधी नीट. परीक्षा ७२० गुणांची. दरवर्षी देशभरातून वीस लाखांहून जास्त मुलं बसतात आणि एमबीबीएसच्या जागा आहेत सव्वा लाखाच्या आसपास. त्यांतल्या सरकारी कॉलेजातल्या, म्हणजे आपल्यासारख्या घराला परवडणाऱ्या, निम्म्याच्या आसपास. तूच भागाकार करून बघ. एका जागेमागे पंधरा-सोळा मुलं, आणि सरकारी जागा धरल्या तर तीसच्या आसपास. गुणांना काही अर्थ नाही असं मी म्हणणार नाही. तू दोन वर्षं घाम गाळून ते मिळवले आहेस आणि ज्यांना जागा मिळते त्यांनी ती कमावलेली असते. पण जिथे जागाच इतक्या थोड्या आहेत तिथे जागा न मिळणं म्हणजे आपण कमी आहोत, असा अर्थ काढणं चूक आहे. पाच-दहा गुणांच्या फरकात हजारो मुलं उभी असतात. लातूरच्या ट्यूशन एरियात दोन वर्षं राहिल्यावर असं वाटायला लागतं, की जगात दोनच जातीची माणसं आहेत, नंबर लागलेली आणि न लागलेली. ते चार रस्ते सोडून बाहेर आलीस की दिसेल, की तुला कुणी तुझा स्कोअर विचारत नाही. काय येतं, एवढंच विचारतात.

आता रिपीटचा प्रश्न. याला हो किंवा नाही असं एकच उत्तर सगळ्यांसाठी नसतं, म्हणून मी तुला उत्तर देत नाही, ते काढायची रीत देते. उत्तरतालिका आणि तुझ्या उत्तरपत्रिकेची प्रत संकेतस्थळावर येते. ती उघड आणि चुकलेल्या व सुटलेल्या प्रश्नांचे तीन ढीग कर. धडाच नीट वाचला नव्हता, तो पहिला ढीग. येत होतं पण वेळ पुरला नाही किंवा घाईत चुकलं, तो दुसरा. ठोकून दिलं आणि उणे एक पडला, तो तिसरा. दुसरा आणि तिसरा ढीग मोठा असेल तर एका वर्षात बरंच सुधारता येतं. पहिलाच मोठा असेल, त्यातही भौतिकशास्त्रातला, तर आणखी वर्षभर तोच क्लास, त्याच नोट्स, तीच खोली यांनी काय बदलेल, हे स्वतःला स्पष्ट विचार.

मग दुसरं काम. आपल्या राज्याच्या कोट्यातली, आपल्या प्रवर्गातली शेवटची जागा गेल्या दोन-तीन वर्षांत किती गुणांवर भरली, ते यादीत बघ. तुझ्यात आणि त्या आकड्यात वीस-पंचवीस गुणांचं अंतर असणं आणि दीडशे गुणांचं अंतर असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्लासवाले दोन्ही मुलांना "एक वर्ष दे, होऊन जाईल" हेच सांगतात, कारण त्यांना बाक भरायचे असतात. यादी मात्र खोटं बोलत नाही.

आणि तिसरं, जे कुठल्याच यादीत सापडत नाही: ते वर्ष तुला जगायचं आहे का? लातूरला शेवटच्या चार महिन्यांत तुझी झोप गेली होती, जेवण तुटलं होतं, हे तुझ्या आईने मला सांगितलं. रिपीट करायचंच ठरलं तर त्याची अटही आत्ताच लिहून ठेव. एकच वर्ष, आणि त्यानंतर नंबर लागो न लागो, पुढे काय करायचं तेही त्याच कागदावर. ज्या मुलांनी आधी मर्यादा ठरवली नाही, त्यांची दोन वर्षं, मग तीन वर्षं त्या एकाच दारात गेलेली मी पाहिली आहेत. नीटला आता वयाची वरची अट नाही, म्हणजे दार कायमचं बंद होत नाही. पण उघडं आहे म्हणून त्याच्यासमोर बसून राहायला हवं असंही नाही. काही मुलं बी.एस्सी.ला किंवा दुसऱ्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेऊन पुन्हा परीक्षा देतात. तोही मार्ग आहे, पण दोन दगडांवर पाय ठेवायची ताकद आपल्यात आहे का, हे ओळखून.

आता त्या बारीक अक्षरातल्या ओळीकडे येते. माझ्या मते तुझ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच आहे आणि तिची लाज वाटायचं काही कारण नाही. डॉक्टर व्हायचं हे तू सातवीत असताना ठरवलंस, आजीला रात्री उदगीरहून लातूरला न्यावं लागलं तेव्हा. ती इच्छा खरी होती. पण तिच्यात तीन वेगळ्या इच्छा एकत्र बांधलेल्या आहेत, त्या सोडवून बघ. दुखणाऱ्या माणसाजवळ बसावं, त्याचं दुखणं हलकं करावं, ही एक. दुखणं होतं कसं, शरीरात नेमकं काय बिघडतं, हे समजून घ्यावं, ही दुसरी. आणि लोकांनी मान द्यावा, घराचं नाव व्हावं, ही तिसरी. तिन्ही इच्छा चांगल्याच आहेत, तिसरीसुद्धा. पण तिन्ही एकाच रस्त्याने पूर्ण होतात असं नाही, आणि तुझ्यात कुठली जास्त आहे त्यावर रस्ता ठरतो.

पहिली इच्छा जोरात असेल तर एमबीबीएसखेरीज आणखी दारं आहेत. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं, त्याची सीईटी वेगळी असते. फिजिओथेरपी आहे, साडेपाच वर्षांचं बीएएमएस आहे. या दोन्हींना नीटचेच गुण लागतात. दवाखान्यात रुग्णाजवळ सगळ्यात जास्त वेळ कोण असतं, हे आजीच्या वेळी तूच पाहिलंस. परिचारिका असते. आपल्याकडे त्या कामाला हवा तेवढा मान मिळत नाही, ही समाजाची चूक आहे. त्या चुकीमुळे तू ते दार न बघताच पुढे जाऊ नकोस. आणि दुखणं माणसाचंच असायला हवं असं नसेल, तर पशुवैद्यक आहे. साडेपाच वर्षांचं, तेही नीटवर. त्याचं महाविद्यालय तर आपल्या उदगीरलाच आहे. ज्या मराठवाड्यात घर चालतं ते शेतीवर आणि दावणीच्या जनावरांवर, तिथे जनावराच्या डॉक्टरची किंमत शेतकऱ्याला विचार.

दुसरी इच्छा जास्त असेल, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्टी ठेवल्यावर जेवायचं विसरणारी ती मनू, तर तुला एका बाईंबद्दल सांगते. कमल समर्थ, लग्नानंतरच्या डॉ. कमल रणदिवे. १९१७ साली पुण्यात जन्म, हुजूरपागेत शाळा. वडिलांची इच्छा होती की मुलीने वैद्यकशास्त्र शिकावं. त्यांनी मात्र फर्ग्युसनला वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेतलं आणि बी.एस्सी. झाल्या. मग पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून एम.एस्सी. केलं. विषय होता सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींच्या पेशींचा आणि त्यांच्या आनुवंशिकतेचा. पुढे मुंबईत डॉ. वसंत खानोलकरांच्या हाताखाली कर्करोगावर संशोधन करून १९४९ मध्ये त्यांनी पीएच.डी. मिळवली. देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा मुंबईत उभी केली. स्तनाचा कर्करोग आणि आनुवंशिकता यांचं नातं ज्यांनी सुरुवातीच्या काळात ओळखलं, त्यांत त्यांचं नाव आहे. १९८२ साली पद्मभूषण मिळालं. एमबीबीएस त्या कधीच झाल्या नाहीत, पण वैद्यकशास्त्राला त्यांनी जे दिलं ते थोड्या डॉक्टरांना देता आलं असेल. सीताफळाच्या पेशी बघणाऱ्या त्या मुलीला कुणी तेव्हा विचारलं असतं, की याचा कर्करोगाशी काय संबंध, तर तिलाही सांगता आलं नसतं. तिला पेशी बघायला आवडत होत्या, आणि ते काम ती नीट करत गेली.

म्हणून जीवशास्त्राची किंवा सूक्ष्मजीवशास्त्राची बी.एस्सी., बी.फार्म., कृषीची बी.एस्सी., यांच्याकडे "नंबर नाही लागला म्हणून घेतलेलं" अशा नजरेने बघू नकोस. बी.फार्म. आणि कृषी दोन्ही चार वर्षांचे आणि दोन्हींना तू दिलेली सीईटी चालते. परभणी, राहुरी, अकोला, दापोली ही चार कृषी विद्यापीठं आपल्या राज्यात आहेत. पुण्याला आयसर आहे, तिथे विज्ञान हेच काम म्हणून शिकवतात. त्याची प्रवेशपरीक्षा वेगळी असते.

पण हे सगळं माझ्या सांगण्यावरून ठरवायचं नाही. जाऊन बघायचं. या सुट्टीत तेवढं कर. उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात एक सकाळ उभी राहा. सरकारी दवाखान्यातल्या एखाद्या परिचारिकेला तिची रात्रपाळी कशी जाते ते विचार. तपासणीच्या लॅबमध्ये रक्ताचा नमुना येतो तिथपासून अहवाल हातात पडतो तिथपर्यंत काय काय होतं, ते बघ. औषधाच्या दुकानात बसणाऱ्या फार्मसिस्टशी बोल, आणि औषधाच्या कंपनीत काम करणारं कुणी ओळखीत असेल तर त्याच्याशीही. आपल्या शाळेतून जी मुलगी एमबीबीएसला गेली आहे तिलाही विचार. साडेचार वर्षं अभ्यास, एक वर्ष इंटर्नशिप, सरकारी कॉलेज असेल तर पुढे एक वर्ष बंधपत्रित सेवा, मग पदव्युत्तरसाठी पुन्हा नीट. हे सगळं ऐकूनही तुझे डोळे चमकले, तर तुझी इच्छा खरी आहे आणि तिच्यासाठी एक वर्ष देणं योग्य आहे. प्रत्येकाला तीनच गोष्टी विचार: दिवसभरात सगळ्यात जास्त वेळ कशात जातो? कंटाळा कशाचा येतो? आणि कुठल्या दिवशी काम केल्याचं समाधान वाटतं? कुठल्याही पदाची चमक दुरून सारखीच दिसते. कंटाळा मात्र प्रत्येक कामाचा वेगळा असतो, आणि आपल्याला सोसेल असा कंटाळा ज्या कामात आहे ते काम आपलं.

आता बाबांचा पैसा. हा तुझा सगळ्यात जड प्रश्न आहे, हे मला तुझ्या अक्षरावरून कळलं. तुझे बाबा माझा धाकटा भाऊ. मोंढ्यात आडत दुकानावर हिशेब लिहून त्याने घर चालवलं. त्याने लातूरला घातलेला पैसा तुझ्या डोक्यात आहे, हाताला लागलेल्या अभ्यासाच्या सवयीत आहे. तो एका आकड्यावर लावलेली पैज नव्हता, आणि त्यानेही तो तसा लावला नाही. पण पुढचा खर्च नेमका किती, हे कुणी कागदावर मांडलेलं नाही, म्हणून घरात सगळे मनातल्या मनात घाबरतात. ते मांडू.

आपण ओबीसीत मोडतो आणि घरचं उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या खूप खाली आहे. ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस प्रवर्गातल्या अशा घरांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क राज्य सरकारने २०२४-२५ या वर्षापासून पूर्ण माफ केलं आहे. अट एक: प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रवेशफेरीतून, म्हणजे कॅप राउंडमधून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला ही सवलत नाही. म्हणून कुणी एजंट घरी येऊन "एवढे भरा, जागा पक्की" म्हणाला तर बाबांना सांग, त्याला चहा देऊन परत पाठवा. जमीन विकून किंवा व्याजाने पैसे काढून घेतलेली जागा पुढे त्या मुलीच्या मानेवर बसते.

फी माफ झाली तरी राहणं-जेवण उरतंच. त्यासाठी सरकारी वसतिगृहं आहेत, महाडीबीटीवर शिष्यवृत्ती आणि निर्वाहभत्त्याच्या योजना आहेत, चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही. पुण्यात विद्यार्थी साहाय्यक समिती १९५५ पासून खेड्यातल्या मुलांना राहायला जागा देते आहे, तिथे मुलींचीही सोय आहे. आणि 'कमवा आणि शिका' ही आपल्या मातीतली गोष्ट आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, वसतिगृहातल्या मुलांना हाताने काम करून शिकायला लावलं. मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं दिलं. आज विद्यापीठांत त्या नावाची योजना चालते. ग्रंथालयात, कार्यालयात, बागेत दोन-तीन तास काम करून खर्चाला हातभार लावता येतो. त्यात कमीपणा वाटून घेऊ नकोस. महाराष्ट्रातल्या कितीतरी शिक्षकांनी आणि अधिकाऱ्यांनी आपली पदवी अशीच मिळवली आहे.

मात्र यातलं काहीही कागदांशिवाय मिळत नाही, आणि चांगल्या गुणांची मुलं कागदापायी मागे पडलेली पाहून माझा जीव तुटला आहे. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, या वर्षाला चालणारं नॉन-क्रीमी लेयर, उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, शाळा सोडल्याचा दाखला, आधारला जोडलेलं बँक खातं. यातलं काय आहे, काय नाही, ते उद्याच बघ. वैधतेला वेळ लागतो. तो अर्ज कुठे अडला आहे, हे जात पडताळणी समितीच्या कार्यालयात बाबांबरोबर स्वतः जाऊन विचार. सेतू केंद्रावरच्या रांगेत तूच उभी राहा. पुढे आयुष्यभर आपले कागद आपल्यालाच सांभाळायचे असतात, ते शिक्षण इथूनच सुरू होतं.

कॅपचा पसंतीक्रम भरताना एक लक्षात ठेव. "हे आपल्याला मिळणार नाही" म्हणून आवडीचं कॉलेज खाली टाकू नकोस. गुणवत्तेनुसार पाळी आली की यादी वरून खाली बघितली जाते, त्यामुळे वर आवडीचं लिहून नुकसान होत नाही. पण काही प्रवेशफेऱ्यांत पहिल्या क्रमांकाचं मिळालं की तेच घ्यावं लागतं, म्हणून जिथे खरंच जायचं नाही ते चुकूनही वर लिहू नकोस. त्या वर्षीची नियमपुस्तिका स्वतः वाच. कंटाळवाणी असते, तरी वाच. मैत्रिणीच्या मोबाइलवर आलेला मेसेज म्हणजे नियम नव्हे.

पुण्याबद्दल, किंवा जिथे जाशील त्या शहराबद्दल. पहिले तीन महिने करमणार नाही, हे आधीच धरून चाल. मेसची भाजी पातळ लागेल, खोलीतल्या मुलींचं बोलणं वेगळं वाटेल, संध्याकाळी घरची आठवण येईल. हे सगळ्यांना होतं. ज्या मुली पहिल्या दिवसापासून हसताना दिसतील त्यांनाही. त्या तीन महिन्यांत "मी इथली नाही" असा निकाल लावायचा नाही. इंग्रजीची भीती मी समजू शकते. बारावीचं विज्ञान तू इंग्रजीतूनच लिहिलंस, म्हणजे वाचता-लिहिता येतं; तोंडातून निघत नाही एवढंच. त्याला एक उपाय पुरतो. रोज पाठ्यपुस्तकाचं एक पान मोठ्याने वाच आणि मिटून तेच आपल्या शब्दांत इंग्रजीत सांग, भिंतीला सांगितलंस तरी चालेल. वर्गात पहिल्या आठवड्यात एक तरी प्रश्न विचार. व्याकरण चुकलं तर चुकू दे. शिक्षक चूक लक्षात ठेवत नाहीत, विचारणारी मुलगी लक्षात ठेवतात. आपली मराठवाड्याची बोली मात्र लपवू नकोस. ती तुझ्या आजीची भाषा आहे.

एक तरी शिक्षक, एक तरी वरच्या वर्गातली मुलगी आणि एक तरी खोलीतली मैत्रीण, एवढी तीन माणसं पहिल्या सत्रात जोड. वसतिगृहात कुणी त्रास दिला तर सोसून घ्यायचं नाही. रॅगिंग हा महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्याने गुन्हा आहे, प्रत्येक कॉलेजात त्यासाठी समिती असते, आणि १८००-१८०-५५२२ हा देशभरचा मोफत क्रमांक आहे. आणि मन फारच खाली गेलं, झोप येईना, जगणं नको वाटायला लागलं, तर त्या क्षणी मला फोन कर, कितीही वाजलेले असोत. मी उचलला नाही तर १४४१६ लाव. ही सरकारची टेलि-मानस सेवा आहे, मोफत, रात्रंदिवस, मराठीतही बोलता येतं. ताप आला तर जसं आपण डॉक्टरकडे जातो तसंच हे. नीटच्या निकालाच्या दिवशीही हे लक्षात ठेव. कुठल्याही निकालापेक्षा तू आम्हाला जास्त हवी आहेस. हे वाक्य मी उगाच लिहिलेलं नाही.

मैत्रिणी पुढे जातील, हे खरं आहे. कुणी यंदाच एमबीबीएसला जाईल, कुणी इंजिनिअरिंगला, कुणी थेट नोकरीला. कुणाचं लग्न होईल. प्रत्येकीला मनापासून शाबासकी दे, आणि मग आठवडाभर ते स्टेटस बघणं बंद ठेव. एकोणिसाव्या वर्षी जो पुढे दिसतो तो तिसाव्या वर्षी कुठे असतो, याचं गणित मी माझ्या विद्यार्थ्यांत अनेकदा पाहिलं आहे. ज्यांना आपलं काम सापडलं ती मुलं उशिरा निघूनही पोहोचली.

आणि जी गोष्ट तू पत्रात लिहिली नाहीस, पण माझ्या कानावर आली, तीही बोलते. "मुलगी अठराची झाली, नंबर नाही लागला तर स्थळं बघा," असं कुणीतरी बाबांच्या कानात घातलं आहे. घाबरू नकोस आणि चिडूही नकोस. तुझ्या बाबांशी मी बोलते, ते माझ्याकडे लागलं. तू फक्त एक कर: तुझा पुढच्या तीन-चार वर्षांचा बेत कागदावर मांडून त्याच्यासमोर ठेव. अभ्यासक्रम कुठला, किती वर्षांचा, खर्च किती, सवलत किती, संपल्यावर काय. बापाला मुलीच्या रडण्यापेक्षा तिच्या हातातला बेत जास्त धीर देतो. त्याच्या "नाही" मागे बहुतेक वेळा पैशाची चिंता असते, आणि ती चिंता आकड्यांनी कमी होते.

राहिला शेवटचा प्रश्न: निवड चुकली तर? तू आत्ता निवडते आहेस ती पुढची तीन-चार वर्षं. सगळं आयुष्य निवडायची सक्ती तुझ्यावर कुणी केलेली नाही. कुठल्याही शाखेची पदवी असली तरी राज्यसेवेच्या, बँकेच्या परीक्षा देता येतात. बी.एस्सी.नंतर विषय बदलून सार्वजनिक आरोग्य, अन्नतंत्रज्ञान, शिक्षण अशा वाटांना जाता येतं. नोकरी करत शिकायचं तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून त्यासाठीच आहे. वाट बदलायला वेळ आणि कष्ट लागतात, ते मी नाकारत नाही. पण जी मुलगी आपल्या निवडीची कारणं जाणून निघते तिला बदलतानाही कळतं, की नेमकं काय बदलायचं आहे. जी दुसऱ्याच्या सांगण्यावरून निघते, ती बदलतानाही दुसऱ्यालाच विचारत बसते.

तर निकाल लागेपर्यंत एवढं कर. कागदांची यादी पूर्ण कर. दोन-तीन ठिकाणी जाऊन काम बघून ये आणि काय दिसलं ते वहीत लिही. बाबांबरोबर बसून खर्चाचा हिशेब मांड. आणि निकालाच्या दिवशी आकडा काहीही असो, दोन दिवस कुठलाही निर्णय घेऊ नकोस, कुणाला शब्द देऊ नकोस, कुठेही पैसे भरू नकोस. तिसऱ्या दिवशी ती वही घेऊन माझ्याकडे ये. पसंतीक्रम आपण मिळून भरू, पण पहिलं नाव तू सांगायचंस आणि ते का, हेही तूच सांगायचंस. मला त्याच उत्तराची उत्सुकता आहे. ते तुझं स्वतःचं असेल तर मी आणि तुझे बाबा, आम्ही दोघं त्याच्या मागे उभे राहू.

आईला नमस्कार सांग. आजीच्या गोळ्या वेळेवर देत जा.

तुझी,
आत्या